एक ट्रॅव्हलर, दोन नोकऱ्या आणि नागपूरचा मे महिना

नागपूरचं एक जोडपं आहे. दोघंही तिशीतले, मूलबाळ नाही, मनीषनगरला भाड्याचा फ्लॅट. तो सौर कृषिपंप बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे फील्ड इंजिनिअर. ती पुण्यातल्या एका करसल्लागाराच्या ऑफिसचं जीएसटीचं काम घरबसल्या करते. एका दसऱ्याला त्यांनी फ्लॅट सोडला आणि जुन्या ट्रॅव्हलर गाडीत बिऱ्हाड थाटलं. गाडीतली बॅटरी, वायरिंग आणि टपावरचे पॅनल हे काम माझ्याकडे होतं. नंतरच्या तक्रारीही माझ्याकडेच आल्या, त्यामुळे वर्षभराचा हिशोब बराचसा माझ्या वहीत आहे. त्यांना विचारून लिहितो आहे, नावं मात्र देत नाही.

असं राहण्याची हौस असलेली मंडळी मला दोनच गोष्टी विचारतात: खर्च किती येतो आणि नेट चालतं का. या दोघांचं दोन्ही बाबतीत ठीकठाक जमलं. तरीही वर्ष संपताना त्याचा अनुभव आणि तिचा अनुभव एकाच गाडीतला वाटत नव्हता. त्याचं काम गाडीच्या बाहेर होतं, तिचं आत. पुढचं बहुतेक सगळं या फरकातून आलं.

मुळात गाडीत का गेले

त्याच्या साइट काटोल, नरखेड, सावनेर, उमरेडला, कधी वर्ध्याकडे आर्वी-कारंजा, कधी भंडाऱ्याकडे पवनी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आल्यापासून कामाचा रेटा वाढला. कुठे ३ एचपी, कुठे ५, कुठे साडेसात. पाया भरला का, अर्थिंग झालं का, पाणी किती येतं, फोटो काढ, अ‍ॅपवर चढव. आठवड्यातल्या तीन-चार रात्री तालुक्याच्या लॉजवर जायच्या. ती फ्लॅटमध्ये एकटी. ज्या घरात नवरा पाहुण्यासारखा येतो त्याचं महिन्याला चौदा हजार भाडं भरायचं, हे तिला जास्त खुपत होतं. गाडीची कल्पना त्याची, पण एक्सेल तिनं केलं.

त्या एक्सेलमधली गंमत दुसऱ्या महिन्यात बाहेर आली. लॉजचे पैसे वाचतील असं एका रकान्यात धरलं होतं. पण लॉजचा खर्च ठेकेदार बिलावर देत होता. गाडीत झोपलं की बिल नाही, आणि बिल नाही तर पैसेही नाहीत. वाचत होते ते ठेकेदाराचे. प्रवासाचे पैसेही मोटारसायकलच्या दरानं मिळायचे आणि ट्रॅव्हलर लिटरला दहा-साडेदहा किलोमीटर देते. शेवटी त्यानं बोलून रात्रीमागे ठरावीक भत्ता बांधून घेतला. तो लॉजपेक्षा कमी होता, म्हणून ठेकेदारानं लगेच मान डोलावली. फिरतीची नोकरी असलेल्या कुणालाही मी हे आधी विचारायला सांगतो: तुमचा रात्रीचा खर्च आज कोण सोसतं? तो तुम्ही सोसत नसाल, तर गाडीमुळे तुमचं काही वाचणार नाही.

भाडं, मेंटेनन्स आणि वीजबिल मिळून आधी सतरा हजारांच्या आसपास जायचे. आता गाडीचा हप्ता, डिझेल, विमा आणि दुरुस्ती धरून पंचवीसच्या पुढे जात होतं, त्यातून भत्त्याचे सहाएक हजार परत येत. शिवाय भाडं थांबलं की जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावरची सूटही थांबते. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिचा धंदाच तो. एकूण पैशाच्या बाजूनं गाडीनं त्यांना तारलंही नाही, बुडवलंही नाही.

कागद

यात लोक सगळ्यात जास्त ढिसाळपणा करतात, म्हणून थोडं सविस्तर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी परस्पर बदलता येत नाही. सीट काढून पलंग ठोकला, टपाला भोक पाडून पंखा बसवला, की तो बदल झाला. तयार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि त्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या गाड्या मिळतात, पण त्या यांच्या बजेटबाहेर होत्या. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-परिवहन वाहनांमधला मान्य प्रकार आहे. मात्र यांनी घेतलेली ट्रॅव्हलर पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्यानं चालणारी होती. परमिट जमा करणं, परिवहनमधून बिगर-परिवहनमध्ये नोंद बदलणं, कराचा फरक भरणं, गाडी दाखवायला नेणं, यात एक आख्खा पावसाळा गेला. तोवर पलंग आणि ओटा आम्ही नुसते पट्ट्यांनी बांधून ठेवले होते, काहीही बोल्टनं पक्कं केलं नव्हतं. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवला. अपघात झाला आणि गाडी कागदावर वेगळी, रस्त्यावर वेगळी निघाली, तर क्लेमच्या वेळी काय ऐकावं लागतं ते गॅरेजवाल्यांना विचारा.

राज्य सरकारचं २०२१ चं कॅराव्हॅन धोरण आहे, पण ते पर्यटनासाठी. गाडीत कायम राहून नोकरी करणाऱ्याचा त्यात विचार नाही. त्यामुळे आधार, बँक, गॅस, कुरिअर या सगळ्याला पत्ता लागला तो बेसा रोडच्या तिच्या माहेरचा. माहेर नसतं तर हे प्रकरण दसऱ्याला सुरू होऊन दिवाळीला संपलं असतं. टॉयलेटची टाकीही आठवड्यातून दोनदा तिथंच रिकामी व्हायची. तिची आई ज्या चेहऱ्यानं दार उघडायची तो मी एकदा पाहिला आहे.

हिवाळा: ज्या दिवसांचे फोटो काढतात ते

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत तक्रारीचा एक फोन आला नाही. काटोल-नरखेड हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराची तोडणी चालू असते, बागेत माणसांची ये-जा असते, आणि ज्या शेतकऱ्याचा पंप तपासायचा तोच म्हणतो, "साहेब, लॉजवर कायले जाता, इथंच लावा गाडी." सोलर पंप दिवसा चालतोच, त्यामुळे शंभर लिटरची टाकी भरायला पाच मिनिटं पुरायची. रात्री कुणी तरी चहा आणून द्यायचं. लॉजमध्ये ढेकूण आणि टीव्हीचा आवाज सोसलेल्या माणसाला हे सुख वाटलं तर नवल नाही. सकाळी साडेसातला साइट हजर, कारण तो साइटवरच झोपलेला. ठेकेदाराचा तो लाडका झाला.

तिचंही तेव्हा जमत होतं. नेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम टाकलेला राउटर होता आणि अँटेना टपावर काढली होती, कारण पत्र्याच्या डब्यात सिग्नल अर्ध्यावर येतो. जीएसटीच्या पोर्टलला वेग फार लागत नाही, पण जोडणी तुटता कामा नये. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि ३बी ची २० तारखेला संपते. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, वर क्लायंटची बोलणी. त्या दिवसांत ओटीपी दहा मिनिटं अडकला तरी घाम फुटतो. म्हणून तिनं नियम केला: ९ ते ११ आणि १८ ते २० या तारखांना गाडी तालुक्याच्या गावातच राहील, त्याच्या साइटचं काही होवो. त्यानं हा नियम पाळला, एकदाच मोडला, आणि त्या आठवड्यात ती माहेरी होती.

रात्रीच्या मुक्कामाचं थोडं सांगायला हवं. गावात शेतकऱ्याच्या अंगणात भीती नव्हती. हायवेवर मात्र पहारा असलेला, दिवे आणि स्वच्छतागृह असलेला पेट्रोल पंप सोडून तिनं कुठेही झोपायला नकार दिला. गस्तीच्या पोलिसांनी दोन-तीनदा दार वाजवलं. गाडीचे कागद आणि त्याचं कंपनीचं ओळखपत्र पाहून गेले. एका ठिकाणी गावकऱ्यांना ही मुलं पळवणारी टोळी वाटली. तेव्हापासून नव्या गावात शिरताना आधी सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला फोन जायला लागला.

विजेचं गणित

माझा विषय आला की मी लांबण लावतो, तरी आकडे दिल्याशिवाय उन्हाळा कळणार नाही.

टपावर २०० वॅटचे दोन पॅनल. आडवे बसवलेले, कलवता येत नाहीत. नागपूरच्या उन्हात दिवसाला सरासरी पाच तास पूर्ण क्षमतेचं ऊन धरलं आणि पाव भाग तोट्यात सोडला, तर दीड हजार वॅट-तास, म्हणजे दीड युनिट मिळतं. खाली १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, भरलेली असली की अडीच युनिटची. गाडी चालली की इंजिनवरच्या अल्टरनेटरकडून तासाला चारशे वॅट-तासांची भर. तिचा लॅपटॉप, मॉनिटर आणि राउटर मिळून ऐंशी वॅट, नऊ तास, म्हणजे पाऊण युनिटच्या जरा आत. छोटा डीसी फ्रिज हिवाळ्यात तीन-साडेतीनशे वॅट-तास खातो. उरलेल्यात पंखे, दिवे, फोन. हिवाळ्यात हे बरोबर बसलं. स्वयंपाक पाच किलोच्या सिलिंडरवर, खिडक्या उघड्या ठेवून. इंडक्शनची हौस मी पहिल्याच भेटीत मोडून काढली होती.

मे महिना

उन्हाळ्यात पहिली अडचण साधी आहे आणि तिच्यावर उपाय नाही. पॅनलला ऊन हवं आणि माणसाला सावली, दोघंही एकाच टपाला चिकटलेले. कडुनिंबाखाली गाडी लावली तर बॅटरी भरत नाही. उन्हात लावली तर आत बसवत नाही. पॅनल उतरवून वायरनं लांब उन्हात मांडायचा पर्याय आम्ही केला, पण मग त्याला साइटवर निघायचं असलं की रोज ते उचलायचे, बांधायचे. शिवाय गाडी हलली की तिची सावलीही हलली.

दुसरी अडचण मला ठाऊक होती, पण ती एवढ्या लवकर गाठेल असं त्यांना वाटलं नव्हतं. लिथियम सेलना चार्ज करायची वरची मर्यादा बहुतेकांच्या कागदावर ४५ ते ५५ अंशांदरम्यान असते. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे, आणि ते हवामान खात्याच्या सावलीतल्या पेटीतलं तापमान. उन्हात उभ्या पत्र्याच्या गाडीत त्याहून कितीतरी चढतं. मग बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट चार्जिंग थांबवतं, ते नेमकं दुपारी, ऊन सगळ्यात जोरात असताना. पॅनलही तापले की कमी देतात, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के. पॅनलचा पृष्ठभाग सत्तरीला गेला की सहावा हिस्सा असाच जातो. आणि फ्रिजचा खप याच दिवसांत दुप्पट.

एसीचा विचार झालाच. छोटा एसीसुद्धा हजार वॅटच्या आसपास मागतो. पाच तास चालवला तर पाच युनिट, म्हणजे आख्ख्या बॅटरीच्या दुप्पट. मग आम्ही नागपूरकराला जे येतं ते केलं: बारा व्होल्टचा कूलर. कोरड्या हवेत कूलरसारखं यंत्र नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता दहा-बारा टक्के असली तर चांगल्या जाळीचा कूलर २६-२७ अंशांची हवा फेकू शकतो, तेही साठ-सत्तर वॅटमध्ये. पण तेवढी हवा थंड करायला तासाला तीन-चार लिटर पाणी उडतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालवला तर टाकीतलं पंचवीस-तीस लिटर पाणी गेलं. आंघोळ, स्वयंपाक, भांडी यांच्या वाट्याला उरलं ते उरलं. पुन्हा, कूलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. ती उघडली की धूळ, आणि मीटिंगमध्ये शेजारच्या ट्रॅक्टरचा आवाज. कूलरचा स्वतःचा आवाज वेगळाच. क्लायंट विचारायचे, "मॅडम, तुम्ही कारखान्यात बसल्या आहात का?"

या सगळ्यात तो कुठे होता? साइटवर. ऊन त्यालाही होतं, पण ते त्याचं नेहमीचंच होतं. सकाळी सहाला निघून अकरापर्यंत काम उरकायचं, दुपारी शेतकऱ्याच्या घरी किंवा झाडाखाली बसायचं, चारनंतर पुन्हा. संध्याकाळी सातला गाडीत यायचा तेव्हा पत्रा निवायला लागलेला असायचा. दुपारी एक ते चार ही गाडी काय असते, हे त्यानं रविवार सोडून कधी पाहिलंच नव्हतं. ती मात्र दुपारी एक ते चार त्याच गाडीत बसून दुसऱ्यांच्या पावत्या जुळवत होती. तिची बसायची जागा, जेवायची जागा आणि झोपायची जागा एकाच पलंगावर. त्याचं ऑफिस संध्याकाळी सुटायचं आणि तो घरी यायचा. ती रोज तिथंच असायची. मे महिन्यात मला तिचा फोन आला, "भाऊ, बॅटरी ठीक आहे, माझंच डोकं तापून राहिलं." त्यावर मी काय वायरिंग करणार?

२५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. त्या आधीच ती लॅपटॉप घेऊन माहेरी गेली. भांडण झालं नव्हतं, दोघंही हे ठासून सांगतात. मला वाटतं थोडं झालं असावं.

नेहमीच्या सल्ल्यात 'उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जा' असं सांगतात. ज्याची नोकरी लॅपटॉपपुरती आहे त्याला ते सोपं आहे. चिखलदरा इथून दोन-सव्वादोनशे किलोमीटर. पण याचे पंप नरखेडला होते, आणि नोकरी करून गाडीत राहायचं म्हणजे नोकरी जिथं नेईल तिथं राहायचं. दोन नोकऱ्या असल्या की दोन दिशा, गाडी मात्र एकच.

पावसाळा

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. विदर्भातली काळी माती भिजली की ट्रॅव्हलर टायरभर रुतते. एका शेतातून ट्रॅक्टरनं टोचन करून काढली, तेव्हापासून मुरूम किंवा डांबर सोडून गाडी उभी नाही. दमट हवेत कूलर निरुपयोगी, उलट अंथरूण ओलसर करतो. पॅनल ढगाळ दिवसांत दीडऐवजी जेमतेम एक युनिट देतात आणि तेवढ्यात लॅपटॉप कसाबसा भागतो. नागपुरात मुक्काम असला तर सखल भागात गाडी लावायची नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसानं अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांमध्ये पाणी शिरलं होतं, तेव्हा तरंगलेल्या गाड्या सगळ्या शहरानं पाहिल्या आहेत.

सध्याची व्यवस्था

गाडी त्यांनी विकलेली नाही. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं भाव लावला होता, तो घेतला नाही. आता माहेरच्याच गल्लीत तिनं एक खोली भाड्यानं घेतली आहे. वीज, वायफाय, एक टेबल, आणि खिडकीत मोठा लोखंडी कूलर. कामाच्या दिवसांत ती तिथं. तो सोमवारी गाडी घेऊन निघतो, गुरुवारी-शुक्रवारी परततो. एकट्यासाठी ती गाडी उत्तम आहे. खप अर्ध्यावर आला, पाणी चार दिवस पुरतं, दुपारी आत कुणी नसतं म्हणून गाडी बिनधास्त उन्हात उभी राहते, आणि लॉजपेक्षा झोप चांगली लागते. दिवाळी ते होळीच्या दरम्यान, ११ आणि २० तारीख सांभाळून, तीही जाते. या वर्षी नरखेडच्या बागेत दोन आठवडे राहायचं म्हणून तिनं आतापासून सुट्ट्या आणि मुदतींचा तक्ता लावला आहे. खोलीचं भाडं धरलं तर खर्च आधीपेक्षा वाढला. तिच्या एक्सेलमध्ये तो लाल रंगात आहे आणि तिनं तो तसाच ठेवला आहे.

माझ्या बाजूनं दोन बदल केले. बॅटरी पलंगाखालच्या बंद खोक्यातून काढून दाराजवळ, फरशीच्या पातळीवर, हवा खेळेल अशी ठेवली. आणि बाहेरून वीज घ्यायचा एक सॉकेट बसवला, शेतकऱ्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या जोडणीवरून पैसे देऊन चार्ज करता यावं म्हणून. हा सॉकेट पहिल्या दिवशी बसवू दिला असता तर बरेच फोन वाचले असते, पण तेव्हा त्याला 'संपूर्ण सोलर' गाडी हवी होती, आणि सोलरवाल्याकडे नोकरी करणाऱ्याला हे समजावणं कठीण.

मागच्या महिन्यात त्यानं पुन्हा एसीचं कोटेशन मागितलं. थेट बॅटरीवर चालणारा डीसी एसी, आणखी पाच युनिटची बॅटरी आणि वायरिंग मिळून दीड लाखाच्या वर जातं. ती बॅटरी रोज भरायला तेराशे वॅटचे पॅनल लागतील आणि टपावर जागा आहे चारशेची, म्हणजे शेवटी सॉकेटच लावावा लागणार. हे सगळं मी लिहून दिलं. खाली मनीषनगरच्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं किती होत होतं तेही लिहिलं: एक लाख अडुसष्ट हजार. कोटेशन त्यानं घडी करून गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवलं आहे.